रांगेत उभा राहिलेला वारा

“म्हणजे एकही टाकलं नाहीस?”

“एकही नाही, बाबा.”

“महिनाभरात?”

“महिनाभरात. विश्वास नसेल तर तुम्हीच आकडा काढून बघा.”

बाबांनी काढून बघितलं नाही. ते डोंगराकडे बघत राहिले...

जनुबाबा वाघाईच्या डोंगराच्या पायथ्याशी, रोपवेच्या खालच्या स्टेशनामागे पत्र्याच्या खोलीत राहायचे. बाबा म्हटल्यावर जटा, भस्म, चिमटा असलं काही डोळ्यांसमोर आणू नका. अर्धं आयुष्य त्यांनी टेलिफोनची यंत्रं जोडण्यात आणि पोरांना ते काम शिकवण्यात घालवलं. मग बायको गेली, आणि ते इथे येऊन बसले ते बसलेच. कोणी मंत्र मागायला आलं तर चहा पाजून परत पाठवायचे. कोणी यंत्र बिघडलं म्हणून आलं तर मात्र चपला घालून निघायचे.

शार्दूल निमकर हा त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य. हुशार होताच, पण ते त्याला स्वतःला जरा लवकरच कळलं होतं.

आता ही भानगड नेमकी काय होती ते सांगतो, म्हणजे पुढे अडायला नको. डोंगरावरच्या स्टेशनात एक पेटी होती. तिला स्विच म्हणतात. दिव्याचं बटण नव्हे. वरच्या सगळ्या तारा तिच्यात येत. गाभाऱ्यातला कॅमेरा, आवारातले कॅमेरे, वारा मोजायचं यंत्र, आणि ट्रॉलीत बसवलेला फोन. तिथून खाली यायला वाट एकच: वरच्या छत्रीतून, म्हणजे ताटलीसारख्या अँटेनातून, खालच्या छत्रीत, हवेतून. येणारे अनेक आणि वाट एक म्हटल्यावर पुढे कोण, मागे कोण, हे पेटीला सांगून ठेवावं लागतं. जागा पुरली नाही तर कोणाला टाकून द्यायचं, हेही.

बाबांनी पूर्वी सांगून ठेवलं होतं. फोन आणि वारा पुढे, कॅमेरे मागे. जागा संपली तर चित्र टाकून द्यायचं. त्यामुळे व्हायचं काय, की खालच्या मंडपात मोठ्या पडद्यावर दर्शन घेणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना देवी कधीकधी अर्धीच दिसायची. नथ दिसायची, डोळे दिसायचे नाहीत. लोक कुरकुर करायला लागले. शेवटी विश्वस्तांनी शार्दूलला पुण्याहून बोलावून घेतलं.

वाघाईच्या डोंगरावर एक रीत आहे. इथे पासची वेगळी रांग नाही. आमदार आला तरी रांगेच्या शेवटी उभा राहतो. आणि एकदा रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला दर्शनाशिवाय परत पाठवत नाहीत, मग दार लावायची वेळ टळली तरी चालेल. शार्दूल याच गावचा. त्याने हीच रीत उचलून पेटीत घातली. सगळ्यांची रांग एक. रांग हवी तितकी लांब. आणि कोणालाही टाकायचं नाही.

सभेत त्याने हे सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्या विश्वस्तांच्या तर डोळ्यांत पाणी आलं. पडद्यावर देवी अखंड दिसायला लागली, नथीच्या मोत्यासकट.

दुरुस्तीसाठी बंद असलेला रोपवे उद्या यात्रेला उघडायचा होता. पहिल्या ट्रॉलीत शार्दूलची आई बसणार होती. राहिला होता तो फक्त बाबांचा होकार.

“मग बाबा, हो म्हणून सांगू ना विश्वस्तांना?”

“वारा किती आहे?”

शार्दूलने स्टेशनच्या खिडकीतून आत डोकावून बघितलं. आत मंगलताई बसल्या होत्या. ट्रॉली चालवायची, थांबवायची, मागे घ्यायची, सगळं त्यांच्या हातात. समोर स्क्रीन.

“ताशी अठरा,” शार्दूल म्हणाला.

“कधीचा?”

“कधीचा म्हणजे? आत्ताचा.”

“कोणी सांगितलं?”

शार्दूल हसला. “स्क्रीनने सांगितलं, बाबा. अजून कोण सांगणार?”

“बरं.” बाबांनी चपला पायात सरकवल्या. “चल, वर जाऊन येऊ.”

मंगलताईंनी खिडकीतून बजावलं, “चाळिसाच्या वर गेला ना, की मी दुसऱ्या खांबापुढे नेत नाही हं. मागेच आणते. तिथे खिंडीत ट्रॉली झोके घेते, आणि खांबाचा लोखंडी हात किती जवळ आहे ते तुम्हाला माहितीये.”

“तसंच कर,” बाबा म्हणाले.

शार्दूलने लॅपटॉपची बॅग खांद्याला अडकवली आणि त्यांच्या मागून ट्रॉलीत चढला. दार बाहेरून बंद झालं, अडसर पडला.

दुपारचं ऊन होतं. खाली एक पान हलत नव्हतं. शार्दूल बोलत होता. पुण्यातल्या साहेबांनी त्याच्या मांडणीची कशी तारीफ केली, दुसऱ्या दोन देवस्थानांनी कशी विचारणा केली. बाबा ऐकत होते की नाही कोण जाणे. ते काचेतून दरीपलीकडच्या कड्यावरचं गवत बघत होते.

पहिला खांब गेला. डोंगराची सोंड मध्ये आली आणि खालचं स्टेशन दिसेनासं झालं.

बाबांनी ट्रॉलीतला फोन उचलला. “मंगल, जेवलीस का?”

...

“मंगल?”

“गेल्या असतील जेवायला,” शार्दूल म्हणाला, आणि बोलल्या बोलल्या त्यालाच ते खुळचट वाटलं. चालती ट्रॉली टाकून मंगलताई कुठे जाणार?

बाबांनी फोन परत ठेवला नाही. हातातच धरून ठेवला.

मग आवाज बदलला. वरचा लोखंडी दोर घुमायला लागला. आधी बारीक, मग असा, की तो शार्दूलला दातांत जाणवला. त्याने वर बघितलं. तेवढ्यात ट्रॉली एका बाजूला कलली, बॅग त्याच्या पायावरून घसरत पलीकडच्या भिंतीला जाऊन आदळली, आणि दरी काचेत वर आली.

ट्रॉली परत सरळ झाली. मग दुसरीकडे कलली.

शार्दूलने फोन जवळजवळ हिसकावून घेतला.

“मंगलताई, वारा वाढलाय इथे. तुम्हाला किती दाखवतोय?”

...

“मंगलताई, ऐकू येतंय का?”

...

फोनमधून आवाज आला. अगदी स्वच्छ. कुठे खरखर नाही, शब्द तुटलेला नाही.

“जेवले ना, बाबा. मेथीची भाजी होती. तुम्ही जेवलात?”

शार्दूलने फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं.

“हे... हे मघाचं आहे,” तो म्हणाला.

“हं.”

“म्हणजे आपण मघाशी विचारलेलं त्यांच्यापर्यंत आत्ता पोचलं.”

“हं.”

आता त्याला सगळं दिसलं, आणि दिसलं नसतं तर बरं झालं असतं. वाऱ्याने वरची छत्री हलत असणार. छत्री हलली की वाट अरुंद होते. वाट अरुंद झाली की मागे रांग वाढते. रांग कितीही वाढू दे, असं त्यानेच पेटीला सांगितलं होतं. कोणी गळायचं नाही, कोणी पुढे घुसायचं नाही. महिनाभर हवा निवांत होती, म्हणून रांग कधी वाढलीच नाही. महिनाभर तो टाळ्या खात होता.

“बाबा, म्हणजे वारासुद्धा...”

“रांगेतच आहे. शहाण्यासारखा उभा आहे.”

“मंगलताईंना अजून अठराच दिसत असणार.”

बाबांनी मान हलवली. त्यांचा एक हात वरच्या दांडीला होता.

ट्रॉली पुढेच चालली होती. तिला काय त्याचं! खाली मंगलताईंनी जो वेग दिला होता त्या वेगाने ती खिंडीकडे सरकत होती, आणि खिंडीच्या तोंडाशी दुसरा खांब दिसायला लागला होता. त्याचे दोन्ही हात बाजूला पसरलेले. त्या हाताखालून ट्रॉली सरळ गेली तर जाते. अशी झोके घेत गेली तर...

शार्दूल ओरडायला लागला.

“मंगलताई, थांबवा. ट्रॉली थांबवा. वारा वाढलाय, थांबवा.”

...

“थांबवा, ताई. ऐका ना. थांबवा.”

मोबाइल काढून बघितला. रेंज नाही. कधी नव्हतीच इथे. त्याने परत फोन तोंडाशी धरला, दोन्ही हातांनी.

आवाज आला.

“वारा? अठरा आहे की, शार्दूलदादा. एकदम शांत. बसा तुम्ही निवांत.”

तो आवाज इतका मायेचा होता, की शार्दूलला रडू फुटलं. उद्या आई इथे बसली असती. तिने हाच आवाज ऐकला असता. आणि विश्वास ठेवून काचेतून देवीच्या शिखराला हात जोडले असते.

ट्रॉली कलली. या वेळी सरळ व्हायला जास्त वेळ लागला.

“थांबवा. थांबवा. मंगलताई, थांबवा हो. थांबवा...”

बाबांनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला. सावकाश, झोंबाझोंबी न करता. आणि बोलायच्या जागेवर तळहात झाकला.

“बाबा, द्या ना. ओरडू द्या मला.”

“किती वेळा?”

“त्यांना ऐकू जाईपर्यंत.”

“तुझ्या आत्ताच्या हाकेपुढे कोण उभं आहे?”

“कॅमेरे... गाभारा... आवार.”

“आणि?”

“आणि... माझ्याच मघाच्या हाका.”

बाबांनी तळहात तसाच ठेवला.

खांब जवळ येत होता.

शार्दूल गुडघ्यांवर बसला, सरपटत बॅगेपाशी गेला. ट्रॉलीतून वरच्या पेटीपर्यंतची वाट मोकळी होती. कोंडी तिच्यापुढे, डोंगरावरून खाली यायच्या वाटेवर होती. फोनच्याच वाटेने लॅपटॉपवरून पेटीला हुकूम देता येणार होता. लॅपटॉप उघडला, मांडीवर धरला. पासवर्ड चुकला.

“बाबा, चुकला.”

“परत घाल.”

परत घातला. पेटी उघडली. त्याने लिहिलं: फोन पुढे. वारा त्याच्या मागोमाग. बाकी सगळे त्यांच्या मागे. रांग आखूड. एरवी झोपेत लिहिली असती अशी चार वाक्यं, पण आज एकेक अक्षर शोधावं लागत होतं.

पण जे आधीच रांगेत उभे होते ते नव्या नियमाने हलत नव्हते. त्यांना जुन्याच नियमाने आत घेतलं होतं. ते जाईपर्यंत खांब येणार होता.

रांग अख्खी पुसायचा हुकूम होता. त्याने तोही लिहिला. पेटीने विचारलं, सगळं जाईल, नक्की का?

शार्दूलचं बोट बटणावर थांबलं.

“बाबा, आपल्या हाका त्यातच आहेत.”

“हो.”

“पहिली हाक पार पुढे पोचली असेल. अगदी दाराशी. आत्ता, या क्षणी, जायच्या बेतात असेल. मी पुसलं तर ती पण जाणार.”

“जाईल.”

“आणि पुसल्यावर नवी पोचलीच नाही तर? छत्रीच पडली असेल तर? मग आपल्यापाशी काहीच उरणार नाही. एकही हाक नाही.”

ट्रॉली कलली. काचेत आधी आभाळ आलं, मग खडक. बाबांच्या पायातली एक चप्पल निघून दारापाशी गेली. बाबांनी तिच्याकडे बघितलंही नाही. ते शार्दूलच्या बोटाकडे बघत होते, आणि शार्दूलने पहिल्यांदाच पाहिलं की म्हाताऱ्याची हनुवटी कापतेय.

“बाबा, तुम्ही सांगा. पुसू?”

...

“सांगा ना.”

“पेटीने कोणाला विचारलंय?” बाबा म्हणाले.

शार्दूलने डोळे मिटले आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही. म्हणजे ऐकू येण्यासारखं काही झालं नाही. दोर घुमत होता, अडसर खडखडत होता. ‘एकही टाकलं नाही’ हा महिनाभर जपलेला आकडा गेला, देवीची चित्रं गेली, वाऱ्याची मोजणी गेली, आणि घसा फोडून मारलेल्या त्याच्या सगळ्या हाका गेल्या. कोणी कधी ऐकणार नाही अशा.

बाबांनी फोनवरचा तळहात काढला आणि फोन त्याच्यापुढे धरला.

“आता बोल. एकदाच.”

शार्दूल फोनवर वाकला.

“मंगलताई, ट्रॉली थांबवा. मागे घ्या.”

...

त्याला परत बोलायचं होतं. छाती फुटेस्तोवर बोलायचं होतं. त्याने ओठ दाबून धरले. खांब आता इतका जवळ होता, की त्याच्या हातावरचा गंज दिसत होता आणि गंजात अडकलेली पतंगाची शेपटी.

...

“अगं बाई,” फोनमधून मंगलताई म्हणाल्या, “बासष्ट? हे बासष्ट कधी झालं?”

ट्रॉलीला हिसका बसला. ती पुढे झुकली, मागे झुकली आणि थांबली. खांबाचा हात काचेसमोर होता. वाऱ्याने ट्रॉली त्याच्याकडे नेली, परत आणली, परत नेली... पण पोचली नाही.

मग अगदी हळू, ती मागे सरकायला लागली.

सोंड ओलांडल्यावर वारा पडला, जणू कोणी दार लावून घेतलं. खालचं स्टेशन दिसलं. मंडपाच्या बाहेर उद्यासाठी पताका बांधणारी माणसं हसत-खिदळत काम करत होती.

दार उघडायला मंगलताई स्वतः धावत आल्या. त्या रागावल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, दोन्ही एकदमच.

“थांबवा म्हणून एकच हाक आली तुमची, शार्दूलदादा. एकच. आधी नाही ओरडायचं? माणूस आधी ओरडतो की नाही?”

शार्दूलने बॅग खाली ठेवली.

तो एवढंच म्हणाला, “ताई, उद्या पडद्यावर देवी तुटक दिसेल. लोक बोलतील. बोलू देत. मी सभेत सांगतो.”

“आणि आई?”

“आई... वारा बघून. तो वेळेवर आला तर.”

मंगलताई परत स्क्रीनपुढे जाऊन बसल्या. चाळिसाच्या खाली येईपर्यंत तिथून हलायच्या नाहीत, हे त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं.

शार्दूल पायरीवर बसला आणि तेव्हा कुठे त्याचे पाय कापायला लागले. आधी गुडघे, मग मांड्या. त्याने हातांनी दाबून धरले, तर हातच कापायला लागले. ऊन होतं, पायाखाली दगडी फरशी होती, पान हलत नव्हतं, आणि त्याला वाटत होतं पायरी एका बाजूला कलतेय. एकेक झोका परत येत होता. पहिला, मग बॅग घसरली तो, मग आभाळ दिसलं तो. वर असताना जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी आता वाटत होती. तो रडला. बाबांसमोर रडायची त्याला लाज वाटली नाही.

बाबा एका पायात चप्पल घालून शेजारी उभे होते. माठातून तांब्याभर पाणी घेतलं, अर्धं त्याला दिलं, अर्धं स्वतः प्यायले. पाणी दाढीवरून ओघळलं ते पालथ्या हाताने पुसलं.

“बाबा,” शार्दूलने विचारलं, “तुम्हाला नाही का हो भीती वाटली?”

बाबांनी तांब्या माठावर उपडा घातला.

“वाटली की,” ते म्हणाले. “ज्या झोक्याची त्या झोक्याला.”